नॉर्वे आणि नायजर: राहणीमानातला फरक नेमका मोजायचा कसा?

जून २०२५ मध्ये जगातल्या अतिगरिबांची संख्या कागदावर एकदम साडेबारा कोटींनी वाढली. त्या महिन्यात कुठे मोठा दुष्काळ पडला नव्हता. जागतिक बँकेने अतिदारिद्र्याची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली होती, एवढंच घडलं. नव्या रेषेने मोजल्यावर २०२२ सालचा आकडा सुमारे ७१ कोटींवरून ८४ कोटींच्या जवळ गेला.

बातमी वाचून अनेकांना दोन प्रश्न पडले. रेषा अशी मनाला येईल तशी हलवता येते का? आणि गरीब देशात ३ डॉलरमध्ये बरंच काही येतं, मग त्याला अतिदारिद्र्य का म्हणायचं? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ही रेषा सर्वांत कमी उत्पन्नाच्या देशांनी स्वतःसाठी ठरवलेल्या दारिद्र्यरेषांवरून काढतात. त्या सगळ्या चढत्या क्रमाने मांडल्या की मधोमध जी येईल ती घ्यायची. अनेक गरीब देशांनी घरखर्चाच्या पाहण्या सुधारल्या, स्वतःच्या रेषा वर नेल्या, म्हणून जगाची रेषाही वर गेली.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. तो सोडवताना जगाच्या दोन टोकांचे देश समोर ठेवू. युरोपच्या उत्तरेला नॉर्वे आणि सहारा वाळवंटाच्या कडेला, समुद्रकिनारा नसलेला नायजर. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात पहिला अगदी वर असतो, दुसरा अगदी तळाशी.

डॉलर कोणता?

दरडोई जीडीपी म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या सगळ्या वस्तू आणि सेवांची किंमत, भागिले लोकसंख्या. बाजारातल्या विनिमय दराने डॉलरमध्ये काढला तर नॉर्वेचा आकडा नायजरच्या शंभरपटीहून जास्त भरतो. नॉर्वेतला माणूस खरंच शंभरपट चांगलं जगतो का?

विनिमय दर मुख्यतः सीमा ओलांडणाऱ्या गोष्टींवर ठरतो: तेल, युरेनियम, यंत्रं, कर्जं, गुंतवणूक. केस कापून घेणं, घरभाडं, शिक्षकाचा पगार हे काही जहाजात भरून पाठवता येत नाही. ऑस्लोतला न्हावी आणि नायजरची राजधानी नियामेतला न्हावी तीच कात्री वापरतात, वेळही तेवढाच लावतात. तरी ऑस्लोत त्याच कामाचे कितीतरी पट पैसे पडतात. कारण ऑस्लोतल्या न्हाव्याला तेलकंपनीत किंवा कारखान्यात चांगला पगार मिळू शकतो, आणि त्याला न्हावी म्हणून टिकवायचं तर मजुरी त्या पगाराच्या आसपास न्यावीच लागते. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हे स्पष्ट केलं. श्रीमंत देशात सेवा महाग असतात, गरीब देशात स्वस्त. त्यामुळे विनिमय दराने तुलना केली की गरीब देश आहे त्याहून गरीब दिसतो.

ही चूक दुरुस्त करण्याची पद्धत म्हणजे क्रयशक्ती समता, थोडक्यात पीपीपी. चलनाचा बाजारभाव बाजूला ठेवायचा आणि सारख्याच वस्तूंची टोपली दोन्हीकडे कितीला पडते ते पाहायचं. हे नाव स्वीडनच्या गुस्ताव्ह कासेल यांनी १९१८ मध्ये रूढ केलं. प्रत्यक्ष किमती गोळा करण्याचा मोठा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अर्व्हिंग क्रॅव्हिस यांच्या पुढाकाराने सुरू झाला. त्याच्या २०२१ च्या फेरीत १७६ अर्थव्यवस्थांमधल्या किमती आल्या. या पद्धतीने मोजलं की नॉर्वे आणि नायजरमधलं अंतर साधारण निम्मं होतं. तरी ते पन्नासपटीच्या आसपास उरतंच.

आता त्या ३ डॉलरकडे परत येऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. हे डॉलर बाजारातले नाहीत, पीपीपीचे आहेत. गरीब देशातली स्वस्ताई त्यात आधीच धरलेली आहे. ३ डॉलरची रेषा म्हणजे २०२१ साली अमेरिकेत ३ डॉलरला जेवढं आलं असतं, तेवढंच दिवसभरात. त्यात जेवण, भाडं, कपडे, औषध, प्रवास, सगळं आलं. ‘तिथे एवढ्यात भागतं’ असं म्हणणारा माणूस स्वस्ताईची सूट दुसऱ्यांदा देतो. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की ते खोडून काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. या रेषेखालची माणसं स्वस्त देशात राहतात म्हणून त्यांचं बरं चाललंय असं नाही. स्वस्ताई धरूनही त्यांच्या हातात एवढंच उरतं.

टोपलीत काय घालायचं?

पीपीपीही अचूक नाही. टोपली सारखी हवी म्हटलं, तर दोन्हीकडे सारखं मिळतं तरी काय? इथिओपियात टेफ नावाचं बारीक धान्य रोजच्या जेवणात असतं, जगातल्या बहुतेक बाजारांत ते दिसतही नाही. उलट पाकिटबंद, परदेशी छापाची वस्तू श्रीमंत देशात साधी असते आणि गरीब देशात फक्त राजधानीतल्या एखाद्या दुकानात, चढ्या भावाने मिळते. टोपलीत अशी पाकिटबंद वस्तू घातली की गरीब देश उगाच महाग दिसतो.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. २००५ च्या फेरीचे निकाल आले तेव्हा चीन आणि भारत यांच्या अर्थव्यवस्थांचा पीपीपी आकार आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी लहान निघाला. २०११ च्या फेरीनंतर त्यातला बराच भाग परत मिळाला. पुढे नोबेल मिळालेले अँगस डीटन आणि त्यांचे सहकारी या घोळाच्या मुळाशी गेले, तेव्हा तुलनेसाठी निवडलेल्या वस्तूंची यादी आणि खंडाखंडांतले आकडे एकमेकांना जोडण्याची रीत, यातच मोठा दोष सापडला.

हवामानाचाही प्रश्न आहे. नॉर्वेतल्या कुटुंबाची बरीचशी वीज हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यात जाते. तो खर्च ‘वापर’ म्हणून त्यांच्या राहणीमानात मोजला जातो, पण त्यातून त्यांना मिळतं काय, तर उष्ण देशात फुकट मिळणारी ऊब.

पृथ्वीचा गोल सपाट कागदावर काढताना कुठेतरी ताण पडतोच. त्यामुळे नकाशा निरुपयोगी ठरत नाही, फक्त ध्रुवाजवळचा देश केवढा हे त्यावरून ठरवू नये. पीपीपीचं तसंच आहे. सारख्या सवयींच्या शेजारी देशांत ती चांगली चालते आणि नॉर्वे-नायजरसारख्या टोकांवर तिच्यावर सर्वांत जास्त ताण पडतो. अंतर ४५ पट की ६० पट, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण टोपली कशीही बदलली तरी ते दोन-तीन पटीवर येत नाही.

सरासरी कुणाची?

२०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपात गॅसचे भाव भडकले आणि नॉर्वेचा दरडोई जीडीपी एक लाख डॉलरच्या वर गेला. पुढच्याच वर्षी तो नव्वद हजारांच्या खाली उतरला. या वर-खालीत नॉर्वेच्या घराघरांत काय झालं? २०२२ मध्ये पगारवाढ महागाईपेक्षा कमी पडली, म्हणजे विक्रमी जीडीपीच्या वर्षी पगारदाराची खरेदीची ताकद घटली. तेलकंपन्यांच्या नफ्यावर तिथे ७८ टक्के कर आहे आणि तो पैसा मुख्यतः सरकारी निधीत, पुढच्या पिढ्यांसाठी जातो.

नायजरमध्येही जमिनीखाली संपत्ती आहे. उत्तरेला आर्लित गावाजवळ १९७१ पासून युरेनियम काढलं जातं आणि फ्रान्सच्या अणुभट्ट्यांनी ते अनेक दशकं वापरलं. नायजरमध्ये मात्र आजही पाचातल्या साधारण एकाच माणसापर्यंत वीज पोहोचली आहे. दोन्ही देशांच्या जीडीपीत खनिज मोजलं गेलं. फरक पडला तो त्या पैशातून काय उभं राहिलं, यात.

सरासरी श्रीमंत देशातली गरिबीही लपवते. १९९० मध्ये कॉलिन मॅककॉर्ड आणि हॅरोल्ड फ्रीमन या डॉक्टरांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषाची वयाची ६५ वर्षं गाठण्याची शक्यता बांगलादेशातल्या पुरुषापेक्षा कमी होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकात हे चाललं होतं. हार्लेममधल्या माणसाचं डॉलरमधलं उत्पन्न बांगलादेशातल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि तरी.

अमेरिका आणि कोस्टा रिका यांची तुलनाही पाहण्यासारखी आहे. मध्य अमेरिकेतल्या या छोट्या देशाने १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केलं. पीपीपीने मोजलं तरी त्याचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या निम्म्याहून कमी आहे, आणि आरोग्यावरचा दरडोई खर्च तर अमेरिका कितीतरी पट जास्त करते. तरी कोस्टा रिकात सरासरी आयुर्मान ८० वर्षांच्या आसपास आहे. अमेरिकेत ते २०२३ मध्ये ७८.४ होतं. १९९५ पासून कोस्टा रिकात वस्तीवस्तीसाठी आरोग्याची छोटी पथकं नेमली गेली. डॉक्टर, परिचारिका आणि घरोघर जाऊन कोणाची लस राहिली, कोणाचा रक्तदाब वाढला याची नोंद ठेवणारा कार्यकर्ता. लुइस रोसेरो-बिक्सबी आणि विल्यम डाऊ यांनी २०१६ मध्ये दोन्ही देशांतले मृत्युदर उत्पन्नगटांनुसार शेजारी ठेवले, तेव्हा कोस्टा रिकाची आघाडी मुख्यतः तळाच्या गटांत दिसली. अमेरिकेत गरिबाच्या आणि श्रीमंताच्या आयुष्याच्या लांबीत मोठी दरी आहे, कोस्टा रिकात ती फार लहान आहे.

म्हणून कोणत्याही दोन प्रदेशांची तुलना दिसली की मी आधी विचारतो, तिथल्या मधल्या माणसाचं काय? आणि तळाच्या पाचव्या हिश्शाचं काय?

पाण्याचा एक कॅन

पैशाचा आकडा बाजूला ठेवून एक साधं काम जवळून पाहू.

वीस लिटरचा पाण्याचा कॅन भरला की वीस किलोचा होतो. जाणं, रांगेत थांबणं आणि परत येणं धरून अर्ध्या तासाच्या आत सुरक्षित स्रोतावरून पाणी आणता येत असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत त्या घराला ‘मूलभूत’ पाणीसेवा मिळते असं धरतात. म्हणजे हे चांगल्या बाजूचं घर झालं. घरात सात माणसं आणि माणशी फक्त २० लिटर धरले तर दिवसाला १४० लिटर लागतात. सात खेपा, साडेतीन तास. नायजरच्या ग्रामीण भागात बहुतेक वेळा हे काम बाई करते किंवा तिची मुलगी. युनिसेफने २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार जगभरात बायका आणि मुली मिळून रोज २० कोटी तास पाणी आणण्यात घालवतात.

ऑस्लोत नळ फिरवला की पाणी येतं आणि नगरपालिकेला दिलेली पाणीपट्टी जीडीपीत जमा होते. राष्ट्रीय हिशेबाच्या नियमांत डोक्यावरून पाणी आणण्याचं कामही मोजायची तरतूद आहे, पण प्रत्यक्षात ते क्वचितच नीट मोजलं जातं. ती मुलगी त्या साडेतीन तासांत शाळेत बसू शकली असती, या गोष्टीला तर हिशेबात रकानाच नाही.

वेळ धरला की श्रीमंत देशांची आपसातली क्रमवारीही बदलते. नॉर्वेतला कामगार वर्षाला सरासरी १,४०० च्या थोडे वर तास काम करतो, अमेरिकेतला सुमारे १,८००. चार्ल्स जोन्स आणि पीटर क्लेनॉव्ह या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये वापर, फुरसत, आयुष्याची लांबी आणि विषमता एकत्र धरून हिशेब मांडला. फ्रान्सचा दरडोई जीडीपी अमेरिकेच्या दोन-तृतीयांश होता, पण या हिशेबात फ्रान्स ९२ टक्क्यांवर पोहोचला. बहुतेक गरीब देश मात्र याच हिशेबात आणखी खाली गेले, कारण तिथलं आयुष्यच आखूड आहे.

माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आकडा बालमृत्यूचा. त्याला विनिमय दर लागत नाही, टोपली लागत नाही. नॉर्वेत जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोन-तीन मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावतात. नायजरमध्ये शंभराहून जास्त.

‘पण ते लोक सुखी असतात’

हा आक्षेप सद्भावनेने घेतला जातो आणि त्यात थोडं तथ्यही आहे. नॉर्वेत एकट्या माणसाची घरं खूप आहेत, नायजरमध्ये मोठी कुटुंबं एकत्र राहतात. माणसांच्या सोबतीची किंमत कुठल्याही आकड्यात येत नाही.

तरी ‘गरीब पण सुखी’ हे चित्र लोकांच्या स्वतःच्या उत्तरांतूनही निघत नाही. आपलं आयुष्य शून्य ते दहाच्या शिडीवर कुठे आहे, असं अनेक देशांतल्या लोकांना दरवर्षी विचारतात. वरच्या जागा फिनलंड आणि त्याच्या शेजाऱ्यांना मिळतात, तळाशी बहुतेक गरीब आणि युद्धग्रस्त देश असतात.

आणि समजा एखाद्याने ‘माझं बरं चाललंय’ असं म्हटलं, तरी तेवढ्यावर थांबता येत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर वर्षभराने कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात एक आरोग्य पाहणी झाली. विधुर पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांनी आपली तब्येत वाईट किंवा यथातथा असल्याचं सांगितलं. विधवांमध्ये असं सांगणाऱ्या २.५ टक्केच होत्या. त्या काळातल्या विधवांची अवस्था पुरुषांपेक्षा चांगली होती, असं कोण म्हणेल? अमर्त्य सेन हे उदाहरण वारंवार देत आले. ज्यांना आयुष्यभर काही मिळालेलं नसतं, त्यांची मागायची सवयच मोडते. म्हणून १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी सेन यांच्या साहाय्याने मानव विकास निर्देशांक आणला, तेव्हा त्यात समाधान विचारलं नाही. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न घेतलं. या तिन्हींची एकच बेरीज करणं मला तितकंसं पटत नाही. तीन आकडे वेगवेगळे पाहिले तर जास्त कळतं.

‘आधी पैसा येऊ द्या, बाकीचं आपोआप येईल’

विषुववृत्तीय गिनीत १९९० च्या दशकात तेल सापडलं आणि दरडोई उत्पन्नात तो देश आफ्रिकेत अगदी वर गेला. त्या वेळी व्हिएतनामचं उत्पन्न त्याच्यापुढे किरकोळ होतं. तरी व्हिएतनाममध्ये मुलं जगत राहिली आणि विषुववृत्तीय गिनीत बालमृत्यूचं प्रमाण आजही व्हिएतनामच्या कितीतरी पट आहे. तेल आलं म्हणून दवाखाना आला नाही.

उलट बाजूचं उदाहरण खुद्द नायजरचं आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. १९९० मध्ये तिथे हजारातली तीनशेहून अधिक मुलं पाच वर्षांच्या आत जात. आज हा आकडा त्याच्या जवळजवळ एक-तृतीयांशावर आला आहे. मधल्या काळात दरडोई उत्पन्न फारसं वाढलं नाही. मग झालं काय? कर्जमाफीतून मोकळ्या झालेल्या पैशातून खेड्यांत लहान आरोग्य केंद्रं उभी राहिली. २००६ पासून गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे उपचार मोफत झाले. मच्छरदाण्या वाटल्या गेल्या, लसीकरण वाढलं, जीवनसत्त्व अ दिलं गेलं, जुलाबावर क्षार-साखरेचं पाणी मिळू लागलं.

लोकसंख्येचे अभ्यासक सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ मध्येच दाखवलं होतं की विसाव्या शतकात आयुर्मान जे वाढलं, त्यातला मोठा हिस्सा उत्पन्नवाढीने आलेला नव्हता. तेवढ्याच उत्पन्नात पुढच्या पिढीला जास्त आयुष्य मिळत गेलं. नॉर्वेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालमृत्यूचं प्रमाण हजारी शंभरच्या आसपास होतं, म्हणजे आजच्या नायजरच्या जवळ. आजच्या बहुतेक लशी आणि प्रतिजैविकं नसताना नॉर्वे जिथे होता, त्याच्या जवळ आजचा नायजर त्याहून कमी उत्पन्नात पोहोचला आहे.

मग बाजारातला विनिमय दर चुकीचा का?

चुकीचा नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नायजरमधलं कुटुंब रोज काय खातं, हे पाहायला पीपीपी हवी. नायजरचं सरकार जगाच्या बाजारातून काय विकत घेऊ शकतं, हे पाहायला बाजारातलाच दर लागतो. एक्स-रे यंत्र, डिझेल, औषधाचा कच्चा माल हे नायजरला स्वस्त दरात कोणी देत नाही. कर्जाचे हप्तेही खऱ्या डॉलर-युरोंतच फेडावे लागतात. त्याचं चलन, सीएफए फ्रँक, युरोला ६५५.९५७ या ठरीव दराने बांधलेलं आहे.

आंतरराष्ट्रीय संस्थाही दोन्ही पट्ट्या वापरतात. जागतिक बँक गरीब माणसं मोजते पीपीपीने, पण सवलतीचं कर्ज कोणत्या देशाला द्यायचं हे ठरवताना बाजारदरावर बेतलेलं दरडोई उत्पन्न पाहते. नाणेनिधीच्या मतांचा वाटा ठरवण्याच्या सूत्रात दोन्हींचं मिश्रण आहे: जीडीपीच्या भागात ६० टक्के बाजारदर, ४० टक्के पीपीपी. कोणती पट्टी वापरायची यावर तिथे वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत, कारण पट्टी बदलली की टेबलावरची जागा बदलते.

मुलांच्या लशींसाठी मदत करणारी गावी ही संस्थाही देशाची पात्रता बाजारदरावर बेतलेल्या उत्पन्नावरूनच ठरवते. सर्वांत गरीब गटातले देश, ज्यात नायजर येतो, बहुतेक लशींच्या एका डोसमागे स्वतःचे २० सेंट भरत आले आहेत आणि उरलेली किंमत देणगीदारांच्या पैशातून येते. उत्पन्न एका ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की देशाचा वाटा वर्षागणिक वाढतो आणि शेवटी मदत थांबते. मर्यादा ओलांडली जाते ती सरासरीने. तेलाचा नवा साठा सापडला तरी ओलांडली जाते, भले खेड्यातल्या घराचं उत्पन्न होतं तिथेच असो.